मिरजेतलं एमआरआय सेंटर: मशीनपेक्षा आतल्या स्टुलाला जास्त मार्क

साडेचार स्टार देतेय, अर्धा कशाचा कापला ते खाली येतंय. घाई असेल त्यांनी एवढंच वाचा: घरात कुणाला बंद जागेची धास्ती असेल आणि डॉक्टरनी एमआरआय लिहून दिला असेल तर इथे न्या, आणि नंबर लावतानाच फोनवर सांगून ठेवा की पेशंटबरोबर एक माणूस आत बसणार आहे. इथे बसू देतात. त्यासाठी मशीनच्या खोलीत एक प्लॅस्टिकचं स्टूल कायमचं ठेवलंय आणि माझ्या मते या सेंटरमधली सगळ्यात कामाची वस्तू तीच आहे.

मशीन म्हणाल तर १.५ टेस्ला (हे चुंबकाच्या ताकदीचं माप), नळी ७० सेंमीची म्हणजे रुंदवाली, जुन्या मशीनची ६० असायची. दहा सेंमीने काय फरक पडतोय असं बाहेर बसून वाटतं, आत जाणाऱ्याला विचारा. मानेच्या एमआरआयला साडेसात हजार घेतले, आमच्या भागात साधारण एवढेच घेतात.

आता प्रकरण सांगते. सासूबाई, आमच्याकडे आत्या म्हणतात, त्यांना मानेचा त्रास, उजव्या हाताला मुंग्या, रात्री झोप नाही. याआधी एका दुसऱ्या ठिकाणी नेलं होतं. तिथे त्यांना आडवं केलं, मानेवर तो पिंजऱ्यासारखा कॉइल बसवला, आत सरकवलं आणि मशीन चालू व्हायच्या आतच आत्यांनी हातात दिलेला, टेक्निशियनला बोलवायचा रबरी फुगा दाबला आणि बाहेर काढा म्हणून ओरडायला लागल्या. मी आत येते म्हटलं तर नियमात नाही. मग तिथला माणूस म्हणाला, आज्जी, तुम्ही मोठ्या माणूस, लहान पोरासारखं काय करताय, पाच मिनिटं मन घट्ट करा. परत आत घातलं, परत फुगा दाबला. शेवटी म्हणाले झोपेचं इंजेक्शन देऊन करू, उपाशीपोटी परत या, नाहीतर दुसरीकडे बघा. पैसे काही परत मिळाले नाहीत. गाडीत बसल्यावर आत्या एकच वाक्य बोलल्या, "मला भरलेल्या बाजारात कुणी थोबाडीत मारल्यासारखं वाटलं." म्हणजे मान राहिली बाजूला, लाजच जास्त लागली.

तर इथे आलो. काउंटरवर फॉर्म दिला, त्यात सोबत आत बसणाऱ्याचं नाव आणि नातं असा रकाना आहे. काउंटरवरच्या मुलीने आमच्याकडे बघून स्वतःच ठरवलं आणि मामांचं, म्हणजे सासऱ्यांचं, नाव लिहायला घेतलं. आत्या गप्प. माझे मामा म्हणजे देवमाणूस, बायकोवर जीव आहे, पण त्यांचा जीव ओरडण्यातून बाहेर पडतो. वेटिंगमध्ये बसल्या बसल्या चालूच होतं, "हलायचं नाही हां, फोटो बिघडला तर परत पैसे भरायला लागतील, मागल्यासारखं करू नको, श्वास नीट घे, नीट घे म्हणतोय ना." स्वतःचे हात थरथरत होते. आत्यांचा चेहरा बघितला तर तिथेच अर्धा फुगा दाबून झाला होता.

तेवढ्यात टेक्निशियन बाहेर आला, पोरगेलाच आहे, आणि त्याने फॉर्मकडे न बघता थेट आत्यांना विचारलं, "आज्जी, तुमच्याजवळ आत कोण बसलं तर तुम्हाला बरं वाटेल?" आत्या पटकन म्हणाल्या, "ही." आणि बोट दाखवलं ते काकींकडे. काकी म्हणजे आत्यांची धाकटी जाऊ. काउंटरवरून आवाज आला, नाही हो, नवरा नाहीतर मुलगा-मुलगी असं चालतं. टेक्निशियन म्हणाला, आज्जींना ज्या पाहिजेत त्या चालतील, आणि विषय संपला. मामा जरा नाराज झाले पण मला वाटतं सुटल्यासारखंही झालं त्यांना.

या दोघी एका चुलीवर म्हाताऱ्या झाल्यात. भांडणं अशी की दोन-दोन महिने अबोला, पण अबोल्यातही एकीला ताप आला की दुसरी कपाळावर पट्ट्या ठेवणार, आणि तेही तोंडातून शब्द न काढता.

मग धातूची तपासणी. हा भाग इथे फार नीट करतात हे मुद्दाम सांगते, कारण मॅग्नेट कायम चालू असतो, मशीनचा आवाज बंद असला तरी चालूच, आणि आत बसणाऱ्या माणसालाही पेशंटइतकेच नियम लागतात हे लोकांना माहीतच नसतं. पेसमेकर आहे का, ऑपरेशनमध्ये क्लिप बसवलीय का, कानाचं मशीन, कवळी, सगळं दोघींनाही विचारलं. पदराच्या पिना, केसातल्या पिना, जोडवी, ब्लाउजचे हुक चालत नाहीत म्हणून दोघींना गाऊन. मंगळसूत्र काढायचं म्हटल्यावर आत्या अडल्या. आतल्या सिस्टरने हुज्जत घातली नाही, मनगटाला काळा दोरा बांधून दिला आणि म्हणाली हे असू दे तोवर. दोघींची मंगळसूत्रं एकाच रुमालात बांधून माझ्याकडे आली.

मला खोलीत जाता आलं नाही पण टेक्निशियनच्या काचेतून दिसत होतं. आत्यांचं डोकं-छाती नळीत, गुडघ्याखालचे पाय बाहेर. काकी स्टुलावर, कानात बोळे आणि वरून हेडफोन, आणि दोन्ही हात आत्यांच्या घोट्यावर. त्याने आधीच सांगितलं होतं, चोळायचं नाही, थोपटायचं नाही, नुसता हात ठेवून बसा. जावेच्या पाया पडायला एरवी दहा कारणं सांगणाऱ्या काकी अख्खा वेळ पाय धरून बसल्या, यावर आमच्या घरात आता वर्षभर चेष्टा चालणार. मशीनचा आवाज म्हणजे पत्र्याच्या शेडवर घण घातल्यासारखा, मधेच थांबतो, मग वेगळीच घरघर. प्रत्येक वेळी थांबला की हा पोरगा माईकवरून सांगायचा, आता पुढचं चार मिनिटांचं आहे, आवंढा गिळून घ्या, चालू झाल्यावर गिळू नका. मानेच्या स्कॅनला गिळलं तरी फोटो हलतो. एकदा आत्यांनी पायाची बोटं हलवली, काकींनी घोटा जरा दाबला, बोटं थांबली. फुगा शेवटपर्यंत दाबला नाही. औषध नाही, इंजेक्शन नाही.

आता माझ्या धंद्यातलं थोडं. मी शाळेत कौन्सेलर आहे, सायकॉलॉजी शिकलेय, त्यामुळे काचेतून बघताना मला जे आठवत होतं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही, ज्यांना नको त्यांनी थेट पार्किंगवर उडी मारा.

हेच्या हेच दृश्य अमेरिकेत विस्कॉन्सिनला एका प्रयोगात घडलंय. जेम्स कोन नावाचे सायकॉलॉजिस्ट आणि त्यांचे सहकारी, २००६ साली पेपर छापला. संसार सुखाचा चाललाय अशा १६ बायकांना एमआरआय मशीनमध्ये झोपवलं. आमच्यासारखं मान बघायला नाही, मेंदूचा कुठला भाग कधी जोरात काम करतो ते दाखवणारं फंक्शनल स्कॅनिंग. समोर पडद्यावर लाल फुली आली की घोट्याला शॉक बसण्याची २० टक्के शक्यता, निळा गोल आला की काही नाही. आणि हे तीन प्रकारे केलं: एकदा हात कुणीच धरलेला नाही, एकदा अनोळखी माणसाने धरलाय, एकदा नवऱ्याने. एकटीने बघितलं तर लाल फुलीला मेंदूतले धोक्याचे सगळे भाग पेटतात. अनोळखी हात असेल तर थोडं कमी. नवऱ्याचा हात असेल तर बरंच कमी. इथपर्यंत कुणीही म्हणेल की त्यात काय नवल, आमच्या आजीला पण माहीत होतं.

नवल पुढे आहे. सगळेच संसार सुखाचे, तरी त्यातही ज्यांचं नातं जास्त घट्ट त्यांच्यात नवऱ्याच्या हाताचा परिणाम जास्त, आणि तो मेंदूच्या खोल भागात, हायपोथॅलॅमसपर्यंत दिसला. हा हायपोथॅलॅमस म्हणजे जिथून ताणाच्या हार्मोनची साखळी सुरू होते, तिथून मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी, तिथून किडनीवरच्या ग्रंथी, आणि शेवटी रक्तात कॉर्टिसॉल. म्हणजे विश्वासाचा हात असेल तर साखळीच्या पहिल्या कडीलाच ढिलाई येते.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते आणि मागच्या सेंटरवाल्यांनी ती भिंतीवर लिहून ठेवायला हवी. आपण समजतो की धीर आला म्हणजे माणसाने मन घट्ट केलं, म्हणजे मेंदूचा पुढचा शहाणा भाग कामाला लागला आणि त्याने भीतीला दाबलं. तसं असतं तर हात धरल्यावर तो पुढचा भाग जास्त काम करताना दिसला असता. दिसलं उलटंच, भीती आवरण्याचं काम करणाऱ्या भागाची धावपळसुद्धा कमी झाली. आवरायला काही उरलंच नाही! कोन यांनी पुढे लेन बेक्स या सायकॉलॉजिस्टसोबत यावर अख्खी थिअरी मांडली, तिचा गाभा असा की माणसाचा मेंदू सोबत गृहीत धरूनच चालतो. आपली माणसं जवळ असणं हीच त्याची नेहमीची स्थिती, आणि एकटं पडणं म्हणजे अंगावर जास्तीचं काम. म्हणून "मन घट्ट करा" म्हणणं म्हणजे आधीच दमलेल्या मेंदूला आणखी एक काम देणं. वर लाज. आत्यांना तिथे धीर नव्हता असं नाही, त्यांना धीर एकटीने तयार करायला लावला होता.

मग नवराच का, जाऊ का नाही? काउंटरवरच्या ताईंसाठी हे मुद्दाम. २००८ मध्ये एक प्रयोग छापून आला, लोकांना टेकडीच्या पायथ्याशी उभं करून चढ किती वाटतो ते विचारलं. एकट्याला चढ जास्त वाटला, मित्र सोबत असलेल्याला कमी, आणि मैत्री जितकी जुनी तितका चढ कमी वाटला. तिथे लग्नाचा दाखला कुणी मागितला नव्हता. माझ्या समजुतीने मेंदू फॉर्मवरचा रकाना वाचत नाही, वेळेला कोण धावून आलं त्याचा हिशोब ठेवतो. आणि तो हिशोब पेशंटलाच माहीत असतो, म्हणून विचारायचं तर पेशंटलाच.

मामांचं काय झालं तेही मला एका पेपरात सापडतं. बेक्स, कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच २०१३ मध्ये दाखवलं की शॉक आपल्या जवळच्या मित्राला बसणार असं कळलं तरी आपला मेंदू जवळपास तसाच पेटतो जसा आपल्याला बसणार असेल तर. अनोळखी माणसाच्या बाबतीत तसं होत नाही. मामा बाहेर बसून जे घामेघूम झाले होते ना, ते नाटक नव्हतं. पण इतका घाबरलेला माणूस आत स्टुलावर बसवून उपयोग नाही, हेही तितकंच खरं. त्यांना मी चहा पाजायला खाली टपरीवर नेलं.

आणि ज्यांच्या घरात नाती बरी नाहीत त्यांनी काय करायचं, तर कॅनडात ओटावाला स्यू जॉन्सन म्हणून थेरपिस्ट होत्या, २०२४ मध्ये वारल्या, त्यांनी जोडप्यांसाठी भावनांवर काम करणारी थेरपी उभी केली. त्यांनी आणि कोन यांनी मिळून हाच शॉकचा प्रयोग, संसारात बिनसलंय अशा जोडप्यांवर थेरपीच्या आधी आणि नंतर केला. आधी, नवऱ्याने हात धरला तरी बायकोच्या मेंदूला काडीचा फरक नाही. थेरपीनंतर तोच नवरा, तोच हात, आणि मेंदू शांत. म्हणजे मोडलेलं जुळलं तर मेंदूही ते मान्य करतो. हे वाचलं तेव्हा मला कुणाकुणाची आठवण आली ते इथे लिहीत नाही.

शाळेतल्या पालकांसाठी एक पोटविषय. लहान मुलांना इथे आई किंवा वडील सोबत नेता येतं, उत्तमच. अमेरिकेत मिनेसोटाच्या मेगन गनर या संशोधक बाईंनी नव्वदच्या दशकात लस टोचायला आणलेल्या बाळांचं कॉर्टिसॉल मोजलं होतं, आईशी नातं पक्कं असलेल्या बाळांना ताणाचं हार्मोन उसळण्यापासून संरक्षण मिळतं हे त्यांच्या कामातून पुढे आलं, अगदी घाबरट स्वभावाच्या बाळांनासुद्धा. पण वयात आलेल्या पोरांचं तसंच असेल असं धरू नका. २०१४ च्या एका अभ्यासात ४ ते १० वयाच्या मुलांचा अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला धोका ओळखणारा भाग, आईमुळे शांत होताना दिसला, ११ ते १७ च्यांचा नाही. सातवी-आठवीच्या पोराला आई पाहिजे का बाबा का मोठा भाऊ का कुणीच नको, हे त्यालाच विचारा, आणि आई सोडून दुसरं नाव घेतलं तर तोंड पाडू नका.

कुणी म्हणेल एवढ्याशा १६ बायकांवरून काय सांगता, त्याही अमेरिकन, त्याही सुखी संसारातल्या. बरोबर आहे. आणि तिथे हात धरला होता, इथे पाय. पण त्या एकाच प्रयोगावर सगळं उभं नाही, प्रियकराचा नुसता फोटो बघताना चटक्याचं दुखणं कमी वाटतं इथपर्यंत नओमी आयझेनबर्गर या सायकॉलॉजिस्टच्या लॅबने दाखवलंय. आणि कुणाला खरंच झोपेचं इंजेक्शन लागत असेल तर जरूर घ्या, त्यात कमीपणा नाही, ते डॉक्टर आणि तुम्ही ठरवा. माझं म्हणणं एवढंच की एक स्टूल, कानाचे बोळे आणि एक फॉर्म, एवढा खर्च करायच्या आधी थेट सुईवर जाऊ नये.

आता तक्रारी. अर्धा स्टार काउंटरचा. तो रकाना बदला, "पेशंटला कोण हवंय" एवढंच लिहा, आणि ते पेशंटच्या तोंडून ऐका. विधवा बाई, एकटा म्हातारा, नवऱ्याला घाबरणारी बायको, अशी माणसंही येतात तुमच्याकडे, प्रत्येकाला चारचौघांत नातं सिद्ध करायला लावू नका. दुसरं, एसी. मॅग्नेटसाठी थंड लागतं हे मान्य पण चादर मागितल्यावर देताय ती न मागता द्या, काकी पार गारठल्या होत्या, पेशंटला दिली आणि स्टुलावरच्याला विसरले. तिसरं, वेळ अकराची दिली आणि आत घेतलं पावणेएकला. घाबरलेल्या माणसाला तेवढा वेळ त्या दारासमोर बसवून आतला आवाज ऐकवणं बरं नाही. निदान बाकडी तरी दुसऱ्या बाजूला हलवा.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला, सीडी आणि फिल्म दोन्ही. मणक्यातली गादी सरकलीय, ऑपरेशन नको म्हणाले, व्यायाम आणि गोळ्या चालू आहेत.

नेणार असाल तर: आत बसणाऱ्या व्यक्तीला पिना-दागिने घरीच काढून यायला सांगा, वेळ वाचतो. पेसमेकर असलेला माणूस सोबतीला आणू नका, गरोदर बाईलाही शक्यतो नको, ते आत सोडणार नाहीत. खरेच घाबरत असतील तर सकाळचा पहिला नंबर मागा, रांग नसते. पार्किंग नावालाच आहे, चारचाकी लांब लावून चालत यावं लागतं, आणि समोरच्या पायऱ्या उंच आहेत, म्हाताऱ्या माणसांना मागच्या बाजूच्या रॅम्पने आणा, बोर्ड लावलेला नाही, वॉचमनला विचारलं की दाखवतो.